तुम्ही विचारलंत म्हणून: धडा सोडून मुलांच्याच गोष्टी का?

पालक विचारतात, नवीन शिक्षकही विचारतात, की थीम आणि टोन (म्हणजे लेखनाचा सूर) शिकवायला तुम्ही पुस्तक बाजूला ठेवून मुलांना त्यांच्याच आयुष्यातलं काहीतरी का लिहायला लावता, परीक्षेत तर धडाच येणार ना. तुम्ही विचारलंत म्हणून जरा नीट सांगते.

धड्याची थीम विचारली की वर्गातून एकेका शब्दात उत्तरं येतात, मैत्री, प्रामाणिकपणा, आईचं प्रेम. हे झाले विषय. त्या विषयाबद्दल लेखन नेमकं काय म्हणतंय ती थीम, आणि ती पूर्ण वाक्यातच सांगता येते. नाहीतर मग थेट तात्पर्य येतं, नेहमी खरे बोलावे छापाचं. बाईंना काय हवंय ते ओळखायची मुलांना सवयच लागलेली असते. स्वतःच्या गोष्टीत मात्र उत्तर माझ्याकडे नसतंच, ते लिहिणाऱ्याकडे असतं, त्यामुळे अंदाज बांधायला जागाच उरत नाही.

एका मुलीने (तिला विचारूनच सांगतेय) सायकल विकल्याबद्दल लिहिलं होतं. "बाबांनी माझी सायकल विकली. मला विचारलं पण नाही. मी नुसती बघत राहिले." सूर कसला, विचारलं तर सगळे म्हणाले, रागाचा. कशावरून? इथे मी अडून बसते, "वाटतं तसं" चालत नाही, कागदावर बोट ठेवून दाखवायचं. एकाने 'पण'वर बोट ठेवलं, एकीने तुटक वाक्यांवर. बरोबर आहे दोन्ही, 'पण' काढून वाचा, निम्मी तक्रार गेली.

मग तिला विचारलं, त्या दिवसाचं अजून काय आठवतं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, माणूस न्यायला आला त्याच्या आधी बाबांनी फडक्याने सीट पुसली आणि चेनला तेल घातलं. तेवढं एक वाक्य तिने घातलं, बाकी काही बदललं नाही. राग गेला नाही, पण आता त्यात बाबाही दिसायला लागले. थीम म्हणून तिने खाली लिहिलं, "मोठी माणसं वाईट वाटलेलं बोलत नाहीत, काहीतरी करत राहतात." हे वाक्य मी शिकवून आलं असतं का? मला नाही वाटत.

आठवणीच्या लेखनात 'मी' दोन असतात ना, एक तेव्हाचा आणि एक आज सांगणारा. म्हणून दोन वाक्यं पुरी करायला देते, "तेव्हा मला वाटलं" आणि "आता मला वाटतं". या दोघांत जे अंतर पडतं तिथेच बहुतेक वेळा थीम सापडते.

टोनसाठी अजून एक करून बघा, तीच घटना आधी मित्राला सांगायची, मग ज्याच्यावर राग आहे त्याला. घटना तीच, पण शब्द लगेच बदलतात. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्सनी १९२९ मध्ये अर्थाचे चार प्रकार सांगितले, त्यात टोन म्हणजे बोलणाऱ्याची ऐकणाऱ्याबद्दलची वृत्ती. आपण आता त्यात विषयाबद्दलची वृत्तीही धरतो. वाचणाऱ्याला जे वाटतं ते मात्र वेगळं, तो मूड, सांगणारा अगदी शांतपणे सांगतो आणि आपल्या अंगावर काटा येतो असं होतंच की.

एक मात्र कळकळीने सांगते, मुलांना "सगळ्यात दुःखाचा प्रसंग लिहा" असं कधीही सांगू नका. हरवलेली छत्री, बदललेला बाक, एवढं छोटं पुरतं. मोठ्याने वाचायची सक्ती नको, आणि मार्क प्रसंगाला नाहीत, शब्दांच्या निवडीला. आधी आपण स्वतःचा एखादा प्रसंग सांगावा, मुलं मग मोकळी होतात.

आणि परीक्षेचं म्हणाल तर धडा आम्ही वाचतोच, फक्त यानंतर वाचतो. मग मुलंच विचारतात की हा सांगणारा आता किती वर्षांचा असेल, याने भावाचं नाव एकदाही का घेतलं नाही, आणि उत्तर लिहिताना "सूर नाराजीचा आहे" एवढ्यावर न थांबता ज्या शब्दावरून तो कळला तो शब्द खाली उतरवतात.