डाव्या हाताला डाळिंब

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठच्या सुमाराला, पनवेल खाडीच्या तोंडाशी, एका कोळ्याची बोट आमच्या बोटीच्या नाळेसमोरून, म्हणजे पुढच्या टोकासमोरून, आडवी गेली. किती जवळून? नवऱ्याच्या मते पंचवीस फुटांवरून. माझ्या मते त्या घटकेला त्याला फूट मोजायची शुद्ध नव्हती. समोरच्या माणसाच्या खांद्यावरच्या टॉवेलचे चौकडे मला दिसले, एवढं मी शपथेवर सांगते.

चूक त्या माणसाची नव्हती. चूक नव्वद रुपयांच्या एका बल्बची होती, आणि तो बल्ब मी बसवला होता.

मी रबाळ्याच्या एका कंपनीत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग तपासते. सव्वीस वर्षं हेच करतेय. त्यामुळे आम्ही चौघांनी मिळून जुनी, फायबरची, २४ फुटी शिडाची बोट घेतली तेव्हा विजेचं खातं न विचारता माझ्याकडे आलं. (नवऱ्याकडे डबे आणि चहा आला. बाकीचे दोघं फोटो काढतात.) आधीच्या मालकानं काय काय जोडून ठेवलं होतं ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. साधी तांब्याची वायर, खाऱ्या हवेनं आतपर्यंत हिरवी पडलेली. बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि नाळेवरच्या दिव्यापाशी जेमतेम साडेदहा. मी कल्हईची वायर आणून सगळं नव्यानं ओढलं, जोड उष्णतेनं आवळणाऱ्या नळीत बंद केले, आणि मग स्वतःवर खूश होऊन जुने दहा वॉटचे तारेचे बल्ब काढून बाजारातून एलईडीचे आणले. तोच खटका, तोच होल्डर, वीज पाचपट कमी. कोण नाही म्हणेल?

आता हे दिवे काय असतात ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बोटीच्या उजव्या अंगाला हिरवा, डाव्या अंगाला लाल, मागे पांढरा. पण रंगापेक्षा कोन महत्त्वाचा. हिरवा आणि लाल प्रत्येकी ११२.५ अंशांतच दिसायला हवेत, म्हणजे बरोबर नाकासमोरून सुरू होऊन आडव्या रेषेच्या जरासं मागेपर्यंत. तिथून मागचा पांढरा सुरू होतो, त्याचे १३५. बेरीज करून बघा, ३६० येते. लहान बोटीत लाल-हिरवा एकाच डब्यात चालतो, मधे पडदी असते. इंजिनवर चालणाऱ्या बोटीला याशिवाय वर एक पांढरा लागतो. शिडावर असाल तर तो लावायचा नाही, कारण तो नाही यावरूनच समोरच्याला कळतं की ही शिडाची बोट आहे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत हा कारभार. १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, १९७७ पासून लागू, आणि एरवी कुठल्याच गोष्टीवर एकमत न होणाऱ्या देशांनी ते निमूट मानले आहेत.

सात मीटरच्या आतल्या शिडाच्या बोटीला दिवे लावणं जमत नसेल तर हातात टॉर्च तयार ठेवून वेळेत दाखवला तरी चालतं. आमची भरते ७.३ मीटर. तीस सेंटीमीटरनं सवलत हुकली.

कुठल्या अंगाला कुठला रंग हे माझ्या धाकटीनं एका वाक्यात बसवलं: डाव्या हाताला डाळिंब, उजवीकडे उरलेला. विमानांनाही हाच नियम आहे. नेरूळच्या गच्चीवरून रात्री विमान दिसलं की ती लगेच सांगते, हे आपल्याकडे येतंय, हे डावीकडे चाललंय. पंखांच्या टोकांवरचे दोन रंग एकदम दिसले तर ते थेट आपल्याच दिशेनं.

दोन रंग एकदम दिसले तर थेट आपल्याच दिशेनं. हे लक्षात ठेवा.

तर त्या दिवशी आम्ही घारापुरीच्या आडोशाला नांगर टाकून बसलो होतो. उरलेला फराळ संपवायचा आणि भरती लागली की परत निघायचं असा बेत. अंधार पडता पडता वारा मेला. दिवाळीच्या दिवसांत तो असाच मरतो, दुपारी खूळ लागल्यासारखा आणि सातला ठप्प. इंजिन लावलं, अटल सेतूखालून आलो. तिजेची कोर मावळली होती. समोर किनारा मात्र नुसता पेटलेला. बेलापूर, नेरूळ, पलीकडे उलव्याचे टॉवर, प्रत्येक गॅलरीत आकाशकंदील आणि माळा, मधूनच एखादा बाण वर जाऊन लाल-हिरवे तारे सांडायचा. मी त्याच दोन रंगांच्या शोधात डोळे ताणून बसलेली आणि निम्मी नवी मुंबई ते दोनच रंग उधळतेय.

अंधारात धडकण्याची भीती सगळ्यांना वाटते. आमच्या खाडीत मला भीती वाटते ती उजेडाची. काळ्या समुद्रावर दोन मैलांवरचा दिवा दिसतो. शहराच्या माळेत मिसळलेला दिवा दोनशे मीटरवर आला तरी कुणाच्या तरी स्वयंपाकघराची ट्यूब वाटतो.

त्यात नवऱ्यानं आपलं तत्त्व अमलात आणलं. पॅनेलवर चार बटणं होती: नाळेवरचा लाल-हिरवा, मागचा पांढरा, डोलकाठीच्या टोकावरचा चौफेर पांढरा, आणि डेकवर उजेड पाडणारा एक. त्यानं चारही दाबली. जेवढे जास्त तेवढं बरं, दिवाळीच आहे. मीही काही बोलले नाही. डेकचा दिवा शिडावर पडून सगळं शीड पांढरंफेक उजळलं आणि त्यापलीकडचं आम्हाला काही दिसेनासं झालं. तो मी लगेच बंद केला. पण चकाकलेल्या डोळ्यांना परत अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि तेवढी आमच्याकडे नव्हती.

उजवीकडे पुढे एक पांढरा दिवा आणि निळी माळ दिसत होती. कोळ्याची बोट, खाडीतून बाहेर निघालेली. ती तिच्या वाटेनं, आम्ही आमच्या, मधे भरपूर पाणी. उजव्या अंगानं एकमेकींना ओलांडून गेलो असतो. आणि अचानक ती बोट तिच्या उजवीकडे वळली. म्हणजे सरळ आमच्या पुढ्यात.

नवऱ्यानं सुकाणू दाबलं, मी इंजिन मागे टाकलं, पुढे टॉवेलचे चौकडे. मग शिव्या. त्या इथे लिहीत नाही, पण त्यांत कल्पकता होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाडीकाठच्या दिवाळे या कोळ्यांच्या गावात गेले. निळी माळ असलेली बोट शोधायला दहा मिनिटं लागली नाहीत. बरोबर चकल्यांचा डबा नेला होता, कारण रित्या हातानं माफी मागायला जाऊ नये असं आईनं शिकवलंय. नाखवा जाळं शिवत बसला होता. साठीचा असेल. रात्रीचा राग उतरला होता.

“बाय,” तो म्हणाला, “मना तुजा लाल बी दिसला न हिरवा बी. मंजे तू माजे अंगावर येतंस. मंग मी उजवे बाजूला फिरवली. आजून काय करनार?”

त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. इंजिनवर चालणाऱ्या दोन बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी आपापल्या उजवीकडे वळायचं. पण तो आमच्या नाकासमोर नव्हताच. तो आमच्या उजव्या अंगाला चांगला वीसेक अंशांवर होता. तिथून त्याला फक्त हिरवा दिसायला हवा होता. लाल दिसलाच कसा?

संध्याकाळी दिव्याचा डबा काढून घरी आणला. सोसायटीच्या गच्चीत प्लास्टिकच्या स्टुलावर बांधला, खाली बारा व्होल्टची बॅटरी. धाकटीच्या कंपासपेटीतला कोनमापक, एक दोरी, खडू. दहा मीटरच्या त्रिज्येनं पुढचा कंस आखला. त्या अंतरावर एक अंश म्हणजे साधारण साडेसतरा सेंटीमीटर, हिशेब सोपा. धाकटी त्या रेषेवरून डोळे दिव्याच्या उंचीवर आणून, वाकून चालायची आणि ओरडायची: लाल, लाल, लाल, दोन्ही, दोन्ही, दोन्ही… वॉचमन दोनदा वर येऊन गेला. दुसऱ्यांदा येताना सेक्रेटरींना घेऊन आला.

“दोन्ही” हा पट्टा साडेसात मीटर लांब भरला. म्हणजे त्रेचाळीस अंश, नाकाच्या दोन्ही बाजूंना एकवीस-बावीस.

मग मी खोक्यात टाकलेला जुना तारेचा बल्ब शोधून लावला. पट्टा झाला पाऊण मीटर.

कारण कळल्यावर मला माझाच राग आला, कारण ते डोळ्यांसमोर होतं. जुन्या बल्बची तार उभी असते, एक बारीक रेघ. मधल्या पडदीच्या बरोबर मागे ती रेघ बसते, म्हणून लाल आणि हिरव्याची हद्द सुरीनं कापल्यासारखी पडते. नियमात तर समोरच्या बाजूला रंग आपली हद्द ओलांडून एक ते तीन अंशांत विझला पाहिजे असं लिहिलेलंच आहे. माझा एलईडी म्हणजे मक्याच्या कणसासारखा, चहूबाजूंनी दाणे. प्रत्येक दाणा पडदीला वळसा घालून पलीकडच्या काचेतून डोकावतो. शिवाय लाल काचेतून त्याचा उजेड मंदावलेला, नारिंगीकडे झुकणारा, कारण पांढऱ्या एलईडीत खरा लाल रंग मुळातच कमी. सव्वीस वर्षं मी लोकांना सांगत आलेय की पार्ट बदलायचा तर त्याच जातीचा घाला. स्वतःच्या बोटीत मी फक्त खटका बसतो का ते पाहिलं.

आता डबाच नवा घेतलाय, एलईडीसाठीच बनवलेला, आत लाल आणि हिरवे वेगळे दाणे. महाग आहे. चौघांच्या हिशेबात फोटोवाल्यांनी कुरकुर केली. तोही आधी गच्चीवर लावून बघितला. वॉचमन आता विचारत नाही.

दुसरं काम मला जास्त आवडलं. चार बटणं काढली आणि कंपनीत भंगारात निघालेला एक सिलेक्टर स्विच बसवला, गोल मुठीचा, टक्‌ करून फिरणारा. चार जागा: बंद, शीड, इंजिन, नांगर. शीडवर लाल-हिरवा आणि मागचा. इंजिनवर लाल-हिरवा आणि वरचा चौफेर पांढरा, मागचा बंद. बारा मीटरच्या आतल्या बोटीला एवढं पुरतं. नांगरावर फक्त चौफेर. सगळे एकदम लागूच शकत नाहीत. नवऱ्यानं मूठ दोन-तीनदा फिरवून पाहिली आणि म्हणाला, “म्हणजे माझ्यावर विश्वास नाही.” मी म्हटलं, नाही. डेकचा दिवा वेगळ्या बटणावर, त्याला लाल झाकण, आणि बटण माझ्या बाजूला.

किनाऱ्याच्या उजेडावर मात्र माझ्याकडे स्विच नाही. त्यावर नाखव्यानं सांगितलेली युक्ती वापरते. संशयाचा दिवा दिसला की हलायचं नाही, डोकं एका जागी ठेवायचं आणि तो दिवा डोलकाठीच्या एखाद्या ताणाच्या तारेशी जुळवायचा. आपण दिशा न बदलता चाललोय आणि दिवा तारेपासून पुढे किंवा मागे सरकतोय, तर तो निघून जाईल. तारेला चिकटून बसला आणि मोठा होत चालला, तर तो आपल्यालाच भेटायला येतोय. नियमांच्या पुस्तकात हेच होकायंत्राच्या भाषेत आहे: दिशा ठळकपणे बदलत नसेल तर टकरीचा धोका आहे असं धरा. नाखव्यानं ते पुस्तक वाचलेलं नाही. त्याच्या बापानं त्याला शिडाच्या दोरीवर हे शिकवलं, तेव्हा वाशीचा पहिला पूलसुद्धा नव्हता असं तो सांगतो.

आणि हो, उजव्या बाजूनं लाल दिसला तर आपण वाट द्यायची, डाव्या बाजूनं हिरवा दिसला तर तो देईल अशी अपेक्षा, दोघं इंजिनवर असताना. तो देईल याची वाट बघत राहायचं मात्र नाही. न्हावा-शेव्याच्या वाटेवर तर हा हक्कबिक्क विसरून जायचं. कंटेनरच्या जहाजाला आमचा दिवा दिसला तरी ते थांबणार कसं? अरुंद वाटेत वीस मीटरच्या आतल्यांनी आणि शिडवाल्यांनी मोठ्यांच्या आड येऊ नये हाही नियमच आहे, आणि मला तो अगदी मनापासून मान्य आहे.

गेल्या महिन्यात नाखव्याचा फोन आला. त्याच्या बोटीला लाल-हिरवा बसवून हवा होता. “तुजे बोटीवर हाय तसाच. पन माजा बल्ब नीट टाक.” मी जाऊन माप घेऊन आले. नाळेवर जागा आहे, तीन मीटर वायर पुरेल, खालून पाइपमधून नेता येईल. अडलं फक्त निळ्या माळेवर. ती कठड्यावरून पार पुढेपर्यंत गेलेली आहे आणि तिच्यापुढे कुठलाही हिरवा फिका पडणार. मी म्हटलं, नाखवा, ही काढावी लागेल. तो बराच वेळ काही बोलला नाही. माळ नातवानं लावलीय, पहिल्या कमाईतून. शेवटी म्हणाला, पुढची अर्धी काढू, मागची राहू दे. मागच्या अर्धीचाही पांढऱ्या दिव्याला त्रास होणार हे मी अजून बोललेले नाही. येत्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नसतो त्या दिवसांत, डोलीच्या जाळ्याचं काम नसेल, बोट धक्क्यालाच असेल, तेव्हा ये म्हणालाय. दिव्याचा डबा, वायर आणि कोनमापक पिशवीत भरून ठेवलंय.