यूशिवायचा क्यू

१९८८ च्या मे महिन्यात माझा आतेभाऊ मुंबईहून आमच्याकडे औरंगाबादला सुट्टीला आला, तो स्क्रॅबलचा डबा घेऊनच. अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून इंग्रजी शब्द जुळवायचे आणि गुण मिळवायचे, असा तो खेळ. ओसरीवर सतरंजी टाकून आम्ही भावंडं खेळायला बसलो. पहिल्याच डावात मला क्यू आला. दहा गुणांची टाइल म्हणून मी हरखून गेले. पण शंभर टाइल्समध्ये यू फक्त चार, आणि ते चारही इतरांनी लावून टाकले. क्यू शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिला आणि त्याचे दहा गुण माझ्या बेरजेतून वजा झाले. मला रडूच आलं.

आजोबा बाजेवर बसून बघत होते. त्यांची शाळा निजामाच्या राज्यातली, म्हणजे उर्दूतली. इंग्रजी त्यांना जेमतेम वाचता यायचं. त्यांनी ती टाइल हातात घेतली. "हा काय वाजतो?"

"क. पण याच्यापुढे यू लागतोच."

"क ला तुमचा के आहे की. मग हा कशाला?"

कोणालाच सांगता येईना. ते म्हणाले, "आम्हालाही दोन होते. छोटा काफ अन् मोठा काफ." गुण लिहायच्या कागदामागे त्यांनी वाटीसारखं एक अक्षर काढलं, वर दोन टिंबं दिली आणि घशाच्या पार तळातून तो क काढून दाखवला. मग शब्द सांगत गेले. कलम, किल्ला, कायदा, कुलूप, हक्क, अक्कल, फरक, बाकी, मुक्काम. रोज तोंडात असलेले हे शब्द त्या आवाजात मी पहिल्यांदा ऐकले. मराठीत आपण ते घेतले आणि सगळ्यांना एकच क दिला.

"पण आजोबा, हे इंग्रजी नाहीत ना," दादा म्हणाला. तो विषय तिथेच संपला.

पुढे वीसेक वर्षांनी पुण्यात मी नेमाने स्क्रॅबल खेळायला लागले, तेव्हा एका काकूंनी मला यूशिवायच्या क्यूच्या शब्दांची यादी लिहून दिली. मुरलेले खेळाडू ही यादी पाठच करतात. सगळ्यात उपयोगी शब्द दोन अक्षरी, क्यू-आय. उच्चार ची, अर्थ चिनी विचारातली प्राणशक्ती. अमेरिकेतल्या खेळाडूंना तो २००६ मध्ये मिळाला. अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात क्यू ठेवून तो आडवा-उभा दोन्हीकडे जमवला तर एका फटक्यात ६२ गुण होतात. पण त्या संध्याकाळी मी अडकले ती त्याच्या खालच्या शब्दांत.

क्यू-ए-टी म्हणजे येमेनमध्ये लोक चघळतात तो पाला. एस-यू-क्यू म्हणजे अरबी शहरातला बाजार. यात यू आहे, पण क्यूच्या आधी. क्यू-ए-डी-आय म्हणजे न्यायाधीश. अरबांचा हा कादी इराणमार्गे येता येता आपला काझी झाला. एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे फकीर. टी-ए-एल-ए-क्यू म्हणजे तलाक. क्यू-ओ-आर-एम-ए हा तर पुरीबरोबरचा कुर्मा! मी एकेक शब्द मोठ्याने वाचत होते आणि कानात आजोबांचा आवाज येत होता. दादा ज्यांना इंग्रजी नाहीत म्हणाला त्यांचे सख्खे भाऊबंद इंग्रजी कोशात बसले होते, आणि अरबी-उर्दूतून आलेल्या या शब्दांत क्यू जिथे होता तिथे मोठा काफ होता.

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तरही मग सापडलं. क्यू आणि मोठा काफ ही एकाच फिनिशियन अक्षराची लेकरं. एक ग्रीकांमार्फत रोमन लिपीत गेलं, दुसरं अरबीत आलं. हिब्रूमधल्या त्यांच्या भावाचं नाव कोफ. ते क्यू-ओ-पी-एच असं लिहितात आणि स्क्रॅबलमध्ये तोही शब्द चालतो. यूची सक्ती इंग्रजीत मुळात नव्हतीच. जुन्या इंग्रजीत राणीसाठीचा शब्द सी-डब्ल्यू-ई-एन असा लिहीत. १०६६ नंतर नॉर्मन लेखनिकांनी क्यू-यू ची जोडी रूढ केली.

यादीत क्यू-ए-एन-ए-टी दिसला तेव्हा मला आधी मांडवाची कनात आठवली. ती वेगळी. हा कनात म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी नुसत्या उतारावर गावापर्यंत आणणारा भुयारी कालवा, मधूनमधून वर उघडणाऱ्या विहिरींचा, मूळचा इराणकडचा. म्हणजे आमच्या नहरींसारखाच! मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खोदवलेली नहर-ए-अंबरी याच जातीची. त्या नहरीच्या गावात मी लहानाची मोठी झाले आणि तिच्या कुळाचं नाव मला एका खेळाच्या यादीत भेटलं. हे आजोबांना सांगायला फार आवडलं असतं. ते १९९९ मध्ये गेले.

कलम एकटं यादीत नाही, मी लगेच शोधलं होतं. पण कलमदान आहे. क्यू-ए-एल-ए-एम-डी-ए-एन, आठ अक्षरं. एक अक्षर पटावर आधीच हवं आणि उरलेली सातही आपल्याकडे हवीत, त्यातही दोन-तीन ए. लागलं तर वर पन्नास गुण बक्षीस. आजोबांचं पितळी कलमदान माझ्या कपाटात आहे, आतल्या शाईच्या डागासकट. हल्ली क्यू आला की क्यू-आयचे सोपे गुण समोर दिसत असूनही मी एक-दोन खेळ्या थांबते, ए यायची वाट बघते. अजून जमलेलं नाही.