प्रेक्षकसंख्या शून्य

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या नाट्यगृहाच्या दुरुस्ती-आराखड्यात फॉल्स सीलिंग दाखवले आहे हे कळताच, ते बसण्यापूर्वी त्या सभागृहाचा आवाज शास्त्रशुद्ध पद्धतीने मोजून ठेवावा, असे आम्ही काही नाटकवेड्यांनी ठरवले. प्रत्यक्ष मोजमापाला एक रात्र पुरली. परवानगी मिळेपर्यंत मात्र अख्खा पावसाळा उलटला.

आमची घाई अकारण नव्हती. आवाज बंद झाल्यावर तो ६० डेसिबलने विरायला लागणारा वेळ म्हणजे अनुरणनकाल, आणि ध्वनिशास्त्रज्ञ सॅबिनच्या सूत्रानुसार तो सभागृहाचे घनफळ व आतले शोषण यांवर ठरतो. फॉल्स सीलिंगमुळे घनफळ घटते, पातळ तक्त्यांमागची पोकळी खर्जातला, म्हणजे खालच्या पट्टीतला, आवाज शोषते, आणि उंच छतावरून परतून मागच्या रांगांना पोचणारा आवाज बदलतो. मोजणी आधी झाली नसेल, तर काय गेले हे नंतर सिद्धही करता येत नाही. व्हेनिसचे ला फेनिचे नाट्यगृह जानेवारी १९९६ मध्ये जळाले, पण आगीच्या थोडेच आधी तिथे केलेली ध्वनिमोजणी हाताशी होती म्हणून पुनर्बांधणीत तिचा उपयोग झाला, हे मी अर्जात सविस्तर लिहिले होते. ते वाचून संबंधित बाबूजी म्हणाले, "ये हॉल तो जला नहीं है।"

खरी अडचण फॉर्मची होती. त्यात नाटक, संगीतसभा, विवाह, प्रदर्शन आणि चित्रीकरण एवढेच रकाने. मोजणीसाठी स्पीकरवरून खर्जापासून वरच्या पट्टीपर्यंत सरकत जाणारा एक सूर वाजवावा लागतो, म्हणून आमचे काम 'संगीतसभा' ठरले. संगीतसभा म्हणजे लाउडस्पीकर, आणि लाउडस्पीकर म्हणजे पोलीस ठाण्याचे ना-हरकत पत्र. ठाण्यात विचारले, "आयोजक कोण, कलाकार कोण?" ते पत्र आणले, तर प्रेक्षकसंख्येच्या रकान्यात मी लिहिलेल्या शून्यावर बाबूजींनी लाल पेनाने गोल केला. "शून्य लिखेंगे तो नस्ती ऊपर से लौट आएगी।" पन्नास लिहिले असते, तर अग्निशमनाची अट लागू झाली असती. सभागृह रिकामे असणे ही मोजणीची गरज आहे, हे मी हिंदीत, मग आकृती काढून, मग पुन्हा हिंदीत समजावले. दरम्यान साहेबांची बदली झाली आणि आमची नस्ती, म्हणजे फाइल, नव्या साहेबांच्या टेबलावर सर्वांत खाली गेली. तिच्याविषयी विचारायला गेले की "चालू आहे" एवढेच उत्तर मिळे.

मार्ग दाखवला तो आवक-जावक विभागातल्या एका वयस्क मराठी बाईंनी. "अहो, कार्यक्रम म्हणून मागूच नका, दुरुस्तीच्या नस्तीतच भवन-सर्वेक्षण म्हणून जोडा," त्या म्हणाल्या. तसे केल्यावर काही दिवसांतच सही झाली, आणि एवढ्या सोप्या गोष्टीसाठी आपल्याला इतके ताटकळवले याचा राग मला आजही येतो. तेव्हा कोणी असे काम काढणार असेल, तर 'ध्वनी' हा शब्द अर्जाच्या विषयात न घालता आतल्या परिच्छेदात घालावा.

मोजणी रात्री उशिराच ठेवावी. स्पीकर दीड मीटर आणि मायक्रोफोन १.२ मीटर उंचीवर ठेवून आम्ही रंगमंचावरच्या दोन जागांवरून सूर सोडला आणि खाली व गॅलरीत ठिकठिकाणी तो टिपला. बाहेर एका ई-रिक्षाचा हॉर्न वाजला, तेव्हा लॅपटॉपवरची नीट उतरत चाललेली रेषा मध्येच उसळली. ते ध्वनिमुद्रण टाकून द्यावे लागले. फुगा फोडूनही अंदाज येतो, पण प्रत्येक फुगा सारखा फुटत नाही आणि जुन्या इमारतीत खर्जासाठी त्याची ताकद कमी पडते. पंखे बंद ठेवा, तापमान व आर्द्रता लिहून ठेवा, कारण वरच्या पट्टीतला आवाज हवाच शोषते. खुर्च्यांना गाद्या आहेत की नुसत्या लाकडी, पडदा वर होता की खाली, याचीही नोंद हवी, नाहीतर पुढच्या माणसाला तुलना करता येणार नाही.

एक सांगायचे राहिले: सभागृहाची अनामत रक्कम भरताना पावतीवर 'परतावायोग्य' असे लिहून घ्या. आमच्या पावतीवर ते आहे, आणि तरीही रकमेची नस्ती अजून फिरतेच आहे.