उतारावरचा निळा धूर, आणि "इंजिन उतरवावं लागेल"

चार दिवसांची ट्रिप, तीन दिवस मजेत गेले, त्याबद्दल लिहीत बसत नाही. लिहायचंय ते तिसऱ्या दुपारच्या त्या लांबलचक उताराबद्दल.

चढ चढताना गाडी एकदम स्वच्छ. मग अर्धा तास अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून, खालच्या गिअरमध्ये उतरत आलो, खाली सपाट रस्ता लागला म्हणून पाय दाबला आणि आरशात मागचा रस्ताच दिसेना! निळसर धूर, जळक्या तेलाचा वास. वर बॉनेटच्या फटीतूनही थोडा धूर येत होता. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद.

रस्त्यावरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, दहा सेकंद बघितलं आणि म्हणाला, रिंगा (पिस्टनवरच्या, तेल वर जाऊ न देणाऱ्या कड्या) गेल्या, इंजिन उतरवावं लागेल. आकडा असा सांगितला की बायको गप्पच झाली. मी घाबरून हो म्हणणार होतो, खरं सांगतो.

हो म्हणालो नाही ते बरं झालं. दुसऱ्या गॅरेजवाल्याने पहिला प्रश्न विचारला, "धूर चढावर येतो की उतारावर?" सगळी गंमत इथेच आहे. रिंगा झिजल्या तर लोडवर, म्हणजे चढावर धूर येतो आणि येत राहतो. पेट्रोल गाडी उतारावर पाय काढून चालली की आत व्हॅक्यूम वाढतो, कडक झालेल्या व्हॉल्व्ह सीलमधून (व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं तेल अडवणारं रबर) तेल आत ओढलं जातं आणि पाय दाबला की ते जळतं. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना निळा भपका सोडत असेल तरी संशय सीलवरच. त्याने कॉम्प्रेशन टेस्ट केली, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये दाब किती बनतो ते मोजलं, चारही जवळपास सारखे आणि दाबही ठीक, रिंगांचा संशय बराच कमी झाला. टेस्ट न करता कोणी रिंगा म्हणत असेल तर चावी काढा आणि निघा.

बॉनेटमधला धूर वेगळाच निघाला. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतला वायू बाहेर काढणारी छोटी झडप) काढून कानाशी हलवला तर आवाजच नाही, चांगला असला की खडखडतो. तो चोक झाल्यामुळे आतलं प्रेशर टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरचं झाकण) पॅकिंगमधून तेल बाहेर ढकलत होतं आणि ते तापलेल्या मॅनिफोल्डवर (धूर बाहेर नेणारा पाइप) थेंब थेंब पडत होतं. याला हलक्यात घेऊ नका, आगच लागू शकते.

लीक शोधताना खालून बघू नका, तेल वाऱ्याने मागे आणि खाली पसरतं, सगळं चेंबरच (इंजिनखालची तेलाची टाकी) गळतंय असं वाटतं. आधी इंजिन पुसून काढा, थोडं चालवा, मग सगळ्यात वरची ओली जागा शोधा. डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघा, आणि भीतीपोटी जास्त तेल ओतू नका, त्यानेही धूर येतो. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला येऊन विरला तर ती वाफ, सोडून द्या. गोडसर वासाचा पांढरा धूर रेंगाळत राहिला आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत असेल तर मात्र हेड गॅसकेटवर (इंजिनच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग) संशय, मग पुढे एक किलोमीटरही नको, टो करा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, एअर फिल्टर बघा, गाडी घरापर्यंत येते.

पॅकिंग आणि पीसीव्ही तिथेच बदलले, सील घरी आल्यावर. मुक्कामाला रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून झोपलो, म्हणजे झोप कसली. सकाळी पुठ्ठ्यावर ओला डाग! बोट लावून वास घेतला, बोटाला काहीच चिकटेना. एसीचं पाणी होतं.