तुम्ही विचारलंत म्हणून: त्या चित्रावर माझी सही का नाही

वाचनालयातलं लेखिका दुर्गा भागवतांचं तैलचित्र मीच काढलंय. त्यावर सही का नाही, हे नवी पेठेत भाजी घेतानाही लोक विचारतात. "राहून गेली का?" म्हणतात. राहून गेली नाही. केली नाही.

काम फोटोवरून होतं. चौकटी आखून 30 बाय 24 इंचांच्या कॅनव्हासवर चेहरा उतरवला. एकट्या ओठांना सहा दिवस दिले. मला कराडच्या साहित्य संमेलनातल्या दुर्गाबाई हव्या होत्या. 1975 साल, आणीबाणी, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि संमेलनाच्या अध्यक्ष असलेल्या बाई आणीबाणीचे विरोधक जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थनेला उभं करतात! पुढे त्यांना अटक झाली तीही मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. मी ओठ मिटलेले काढले.

अनावरणाच्या आदल्या संध्याकाळी समितीतले तिघं घरी आले. "ताई, काम झकास झालंय. पण बाई रागावल्यासारख्या दिसतात. जरा हसऱ्या करा की. लेकरं येतात वाचायला."

फोटोत असंच आहे, मी म्हटलं.

"फोटोवाल्याला घाई असती. तुम्हाला कुठं घाई आहे? बाईमाणसाचा चेहरा कसा प्रसन्न पाहिजे."

बाकीचे दोघं काही बोलतील म्हणून मी थांबले. ते चहा पीत राहिले. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं, उरलेले पैसे दुसऱ्या दिवशी मिळायचे होते. हे कारण आहे, सबब नव्हे, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. लिहिताना सबबच वाटतेय.

तिघांच्या देखत मी ओठ बदलले. वीस मिनिटं लागली. कोपरे वर गेले, गाल थोडे भरले. डोळ्यांना हात लावला नाही. म्हणून बाई तोंडाने हसतात आणि डोळ्यांनी नाही. कुणीतरी "आता कसं" म्हणालं. दुसऱ्या दिवशी मी पाकीट घेतलं, शालही घेतली.

तेव्हाच्या हट्टी मला आज विचारावंसं वाटतं, हसऱ्या दुर्गाबाई खोट्या कशावरून? 'ऋतुचक्र' लिहिणारी, झाडाफुलांत रमणारी, स्वयंपाकावर लिहिणारी बाई हसत नसेल? कराडच्या एका प्रसंगात त्यांना तूच कोंडलंस. असेल तसं. पण ते हसू समितीचं होतं. मग मिटलेले ओठ तरी त्यांचे होते की माझे? इथे आले की मी अडते, आणि सही करायला हात उचलत नाही.

"वरचा रंग काढा, खालचे ओठ निघतील," असंही काहींनी सुचवलंय. ओठ तेव्हा ओले होते. मी त्यावर रंग चढवला नाही. चाकूने खरवडले आणि चिंधीने पुसले. खाली फक्त कॅनव्हास आहे.