नंबर लागला म्हणून कॅप्टन?

मी विमान कंपनीत वैमानिक आहे. बारसं असो, सोसायटीचा गणपती असो, नाहीतर उतरताना दाराशी रेंगाळलेला एखादा प्रवासी असो, प्रश्न ठरलेला: "म्हणजे तुमच्यात हुशारी बघतच नाहीत? आधी लागला तो आधी कॅप्टन?" माझा धाकटा दीर आयटीत आहे. तो याला रेशनची रांग म्हणतो. यंदा गौरीजेवणाच्या पंगतीत त्याने पुन्हा तेच काढलं. सगळे हसले, मीही हसले, आणि रात्री भांडी आवरताना चिडचिड नेमकी कशाची होतेय ते शोधत बसले. म्हणून एकदाच लिहिते. पुन्हा विचारलंत तर हेच वाचायला देईन.

आधी कबुली. 'रेशनची रांग' हे दीराचं नाही, माझं आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मीच त्याच्यापुढे तावातावाने बोलले होते. तेव्हा मी पंचविशीची, लँडिंग सुंदर करणारी, आणि बॅचमध्ये शेवटच्या नंबरची. शेवटची का, तर आमच्या कंपनीत एकाच दिवशी रुजू झालेल्यांचा क्रम वयावरून लावला आणि माझा जन्म डिसेंबरचा. पुढे रोस्टर, सुट्टी, बेस म्हणजे कुठल्या शहरातून उडायचं, कोणतं विमान, कमांड म्हणजे कॅप्टनपद कधी, सगळं ज्येष्ठता यादीतल्या त्या आकड्यावर. आईने डिसेंबरात जन्म दिला म्हणून दिवाळीला घरी नाही! याच्याएवढा अन्याय जगात नाही, असं मला खरंच वाटायचं.

लायसन्स, कर्ज, टाइप रेटिंग हे तुम्ही ऐकलेलं आहे, सोडून देते.

पण एक गोष्ट कुणीच ऐकलेली नाही, कारण मी सांगितलेली नाही. नंबर लागला म्हणून कॅप्टन होत नाही. नंबर लागला की परीक्षेला बसता येतं. आणि मी पहिल्यांदा बसले तेव्हा नापास झाले.

घरी मी "तारीख पुढे गेली" असं सांगितलं होतं. सासूबाईंनी पेढे आणून ठेवले होते. ते आम्ही आठवडाभर खाल्ले.

परीक्षा सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये. स्लॉट रात्री दोनचा. सिम महाग असतं, ते रात्रीही रिकामं ठेवत नाहीत. तेरा वर्षं को-पायलटच्या उजव्या सीटवर काढून मी कॅप्टनच्या डाव्या सीटवर बसले होते. सीटबेल्टचा पट्टासुद्धा चुकीच्या हाताला शोधत होते. उजवीकडे मदतीला एक जुने कॅप्टन दिले होते. त्यांनी त्या दिवशी को-पायलट व्हायचं, मी सांगेन ते करायचं. मागे परीक्षक. ए३२० विमान, मुंबई, जुलै महिना भरून ठेवलेला: पाऊस, २७ नंबरच्या धावपट्टीवर आडवा वारा. टेकऑफ झालं आणि डावं इंजिन गेलं.

ते मी छान हाताळलं. हे फुशारकी म्हणून नाही, शेऱ्यात लिहिलेलं आहे. विमान सरळ ठेवलं, चेकलिस्ट झाली, इंजिन बंद केलं. पडद्यावर 'लँड एएसएपी', म्हणजे शक्य तितक्या लवकर उतरा, अंबर रंगात. मग केबिनमधून फोन: एका प्रवाशाच्या छातीत दुखतंय. मुंबई जवळ, पण वारा मर्यादेच्या काठावर आणि वाढतोय. अहमदाबाद कोरडं, पण लांब. दोन्ही उत्तरांची बाजू मांडता येते. कॅप्टनने त्यातलं एक उचलायचं, एवढंच.

मी उजवीकडे पाहिलं. तेरा वर्षं मी डावीकडे पाहत आले होते, त्या रात्री फक्त बाजू बदलली. त्या कॅप्टनांचे डोळे यंत्रांवर खिळलेले. चार-पाच सेकंद गेले असतील. मग मी म्हणाले, "मला वाटतं मुंबई. तुम्हाला काय वाटतं, सर?"

परीक्षकांनी सिम थांबवलं नाही. मी मुंबईला उतरवलं, मधल्या रेषेवर. बाहेर आल्यावर चहा आला. परीक्षक मराठी, एरवी मला 'अगं' म्हणणारे. त्या पहाटे म्हणाले, "तुमचे हात उत्तम आहेत. पण तुम्ही सर कुणाला म्हणालात?"

शेरा: सक्षम सहवैमानिक, कमांडसाठी अद्याप तयार नाही.

यावर मी त्यांच्याशी तेव्हा भांडले नाही, पुढची कित्येक वर्षं मनात भांडले. अहो, विचारायचं असतं! दरवर्षी वर्गात बसवून तेच शिकवतात. मंगळूरच्या २०१० च्या विमान अपघातात को-पायलटने गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, म्हटलं होतं, कॅप्टनने लँडिंग सोडलं नाही, १५८ माणसं गेली. त्यानंतर शेजाऱ्याचं मत घेणारा कॅप्टन हवा की न घेणारा? पुरुषाने विचारलं असतं तर 'टीमला सोबत घेतो' असं लिहिलं असतं, हेही मी मनात शंभरदा म्हटलंय. त्यात तथ्य असेलही.

पण मी मत मागत होते की परवानगी? ते मलाही ठामपणे सांगता येत नाही. त्यांना त्या 'सर'मध्ये परवानगी ऐकू आली. आणि दीरासमोर कधीच न मांडलेला मुद्दा हा की ज्या तेरा वर्षांनी माझा नंबर वर आणला, त्याच तेरा वर्षांनी मला शेजारी बघायची सवय लावली. रांगेत शहाणपण येतं म्हणतात. मला रांगेत उभं राहणं आलं.

सात महिन्यांनी पुन्हा बसले, पास झाले. तोवर मागचे काहीजण पुढे गेले. त्यातल्या एकाच्या उजवीकडे बसून मी गोव्याला गेले, जो कधीकाळी माझ्याकडून नोट्स मागायचा. तो फार चांगला वागला. ते जास्त लागलं.

मग आता यादीची बाजू का घेते? कारण गुणवत्ता मोजणार कोण, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. दीराला वर्षाअखेरीस रेटिंग मिळतं. आमचा चांगला दिवस म्हणजे ज्या दिवशी काहीच घडलं नाही तो. त्याला किती मार्क? वाचवलेलं इंधन मोजलंत, वेळेवर पोचणं मोजलंत, तर गो-अराउंड घेताना माझ्या डोक्यात तो हिशेब येणार. तो तिथे येता कामा नये. राहिला साहेबांचा अभिप्राय. दोन बाळंतपणांत मिळून अडीच वर्षं मी उडाले नाही, गरोदरपणात मला मेडिकल अनफिटच केलं होतं. कुठल्या निवड समितीने मला "हिचं सातत्य कमी" म्हटलं नसतं? यादीला मला पोरं झाल्याचं कळलंच नाही. नंबर होता तिथे होता. पंचविशीतल्या मला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, म्हणजे स्वतःची सोय झाली की तत्त्व बदलतं. बरोबर आहे तिचं.

आणि यादी निष्पाप नाहीच. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एकत्र आल्या, पण वैमानिकांच्या मनातल्या याद्या एक झाल्या नाहीत. ड्रीमलायनर या नव्या विमानाचं प्रशिक्षण कुणाला, यावरून २०१२ मध्ये ५८ दिवस संप चालला. अमेरिकेत एकत्र आलेल्या यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्टच्या वैमानिकांनी यादीत एकमेकांच्या वर की खाली, यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. शिवाय नंबर कंपनीच्या दारापर्यंतच चालतो. नोकरी बदला, पुन्हा तळाला. त्यामुळे साहेब कितीही नकोसा झाला तरी माणूस हलत नाही. आणि किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये थांबली तसं कंपनीच गेली तर?

अशाच एका बंद पडलेल्या कंपनीतले एक जण मागच्या महिन्यात माझ्या उजवीकडे होते. वय बावन्न, तिथे अकरा वर्षं कॅप्टन, उड्डाणाचे तास माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. आमच्या यादीत ते माझ्यामागे तीनशेहून जास्त नंबरांनी. खाली पुण्यात पाऊस कोसळत होता, इंधन पुरेसं होतं, हवेत घिरट्या घालत थांबायचं (होल्ड) की मुंबईला वळायचं ते ठरवायचं होतं.

"तुम्हाला काय वाटतं, सर?" मी विचारलं. तोंडातून गेलंच.

ते हसले. म्हणाले, "मॅडम, पंधरा मिनिटं होल्ड करून बघू. पण ठरवा तुम्ही."

मी दहा मिनिटं सांगितली. बाराव्या मिनिटाला पाऊस उघडला. तोवर आम्ही मुंबईकडे वळलो होतो.