तुम्ही विचारलंत म्हणून: तिथे आहे तरी काय?

आम्ही सेंट किल्डाला जाऊन आलो हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला. "एवढा समुद्र अंगावर घेऊन गेलात, पण तिथे आहे तरी काय?" पुण्याच्या मावशीने विचारलं, इथे गणपतीत भेटलेल्यांनी विचारलं, ऑफिसात विचारलं. घाईत मी "पक्षी" असं सांगून मोकळी होते. पक्षी लाखोंनी आहेत, पण ते माझं खरं उत्तर नाही.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटं आहेत. त्यांतल्या नॉर्थ यूइस्टच्याही पलीकडे ६४ किलोमीटरवर, भर अटलांटिकमध्ये, सेंट किल्डाची बेटं. त्यांतलं मोठं बेट हिर्टा. आमची बोट ३१ फुटी, शिडाची. तिच्यावर नवरा आणि मी, दोघंच. पहिल्या वर्षी तीन तासांत मागे फिरलो होतो. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये हेब्रिडीजमधल्या बर्नरे बेटाच्या बंदरात चार दिवस हवामानाच्या बातम्या ऐकत बसलो आणि पाचव्या पहाटे निघालो.

खडकांमधली चिंचोळी वाट संपली आणि समुद्र एकदम मोठा झाला. पश्चिमेकडून लांबच लांब लाट येत होती, दूर कुठेतरी होऊन गेलेल्या वादळाची. तिच्यावर नैर्ऋत्येच्या वाऱ्याची आखूड, तुटकी लाट. दोन्ही एकत्र आल्या की बोट आधी वर चढायची, मग कुशीवर आपटायची. वारा २५ नॉटवर, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटरवर गेला तेव्हा आम्ही शीड आखूड करून घेतलं. त्यानंतर नवऱ्याला बोट लागली, तीही वाईट. पुढचे पाच तास सुकाणू माझ्याकडे होतं.

ते पाच तास मला आठवतात ते त्याच्या हातामुळे. दर अर्ध्या तासाने खालच्या दारातून एक हात वर यायचा. आधी माझ्या पट्ट्याची कडी दोरीला नीट अडकलीय का ते चाचपायचा, मग आलेपाकाची वडी माझ्या ओल्या हातमोज्यात ठेवायचा. चेहरा दिसत नव्हता, बोलणं वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. भीती वाटत होती का? हो, पोटात गोळा होता. पण तो हात वेळेवर येत होता.

दुपारनंतर उजवीकडे सेंट किल्डातलंच बोरेरे बेट दिसलं आणि त्याच्या शेजारी समुद्रातून उभे उठलेले दोन सुळके. त्यांतला स्टॅक अ‍ॅन आर्मिन १९६ मीटर उंच, गॅनेट पक्ष्यांच्या विष्ठेने पांढराफटक. १७२७ साली हिर्टाचे तीन पुरुष आणि आठ मुलगे पक्षी धरायला त्याच्यावर उतरले आणि तिथेच अडकले. गावात देवीच्या रोगाची साथ आली होती, त्यांना आणायला होडी वल्हवेल एवढी माणसंच उरली नव्हती. ते अकराही जण सगळा हिवाळा त्या खडकावर जगले. त्याच्या पायथ्याशी फुटणारी लाट बघताना माझ्या तोंडून शब्द फुटेना.

हिर्टाच्या व्हिलेज बेमध्ये नांगर टाकला. बेटावर उंदीर जाऊ नयेत म्हणून मोठी बोट धक्क्याला लावायची नसते. छोट्या होडीतून वल्हवत गेलो. धक्क्याजवळ लष्कराच्या रडार केंद्राच्या इमारती आहेत, त्या ओलांडल्या की जुनं गाव. एकच रस्ता, एका ओळीत दगडी घरं, बहुतेकांना छप्पर नाही. मागे डोंगरभर दगडी कोठारं, त्यांना क्लेट म्हणतात. हिर्टावर ती बाराशेच्या वर आहेत. एकात वाकून शिरले. माथ्यावर गवताचं ढेकूळ, भिंती मुद्दाम फटी ठेवून रचलेल्या. बाहेर भिजवणारा वारा, तर आत नुसती कोरडी झुळूक. वर्षभर खायला लागणारे पक्षी गावातली माणसं असे वाऱ्यावर सुकवून ठेवायची. आमच्याकडे सुकी मासळी असते तसंच.

पुढे इथली तरुण माणसं बेट सोडून बाहेर जाऊ लागली. हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. देवगडजवळचं आमचं घर असंच बंद पडलंय. मागे राहिलेल्यांत वल्ही मारणारे हात कमी झाले, हिवाळे काढणं अशक्य झालं. शेवटी बेटावरच्यांनीच सरकारला अर्ज केला आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसं बोटीत बसली. कुत्रे त्यांनी निघण्याआधी समुद्रात बुडवले. निघताना प्रत्येक घरात बायबल उघडं ठेवलं, शेजारी मूठभर ओट्‌स, असं सांगतात.

एका घराच्या चुलीपाशी मी बराच वेळ बसले. उंबऱ्याचा दगड मधोमध झिजलेला होता. त्याच्यावर हात ठेवला तर ऊन लागलेलं, कोमट.

रात्री वारा आग्नेयेकडे वळणार अशी बातमी आली. ही खाडी नेमकी त्याच बाजूला उघडी आहे, तिथे मुक्काम करता येत नाही. अकरा वाजता, अर्धवट उजेडात, नांगर उचलला. येताना वारा समोरून, चौदा तास लागले.

घरी पोचल्यावर आईला फोन केला. तिचाही तोच प्रश्न, काय होतं गं तिथे? मी तिला ओट्‌सचं सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजीनेसुद्धा दाराला कुलूप लावायच्या आधी डब्यात मूठभर तांदूळ ठेवले होते."